चौदा खुर्च्यांचा वर्ग

मे महिना आमच्याकडे आधी कानांना कळतो. गावात तीन बाजूंना तीन मांडव पडलेले असतात आणि तिन्हीकडची हळदीची गाणी आमच्या गच्चीवर येऊन एकमेकांत गुंततात. मधूनच कंटेनर यार्डातून मागे सरकणाऱ्या ट्रेलरचा पीं-पीं असा हट्टी आवाज. सकाळी लवकर, मांडव झोपलेले असतात तेव्हा, मिठागरातून लांब दांड्याच्या लाकडी फळीने मीठ ओढल्याचा आवाज येतो. कुणीतरी जाड कागद सावकाश फाडत असावं तसा. पाऊस यायच्या आत शेवटचं मीठ काठावर आणायची घाई असते.

यंदा या आवाजांत अजून एक आहे. शेजारच्या घरात कुणाचा तरी फॉर्म भरणं चालू आहे. खिडकीतून ऐकू येतं, "ओटीपी आला का गो?" मग धावपळ, मग कुणावर तरी ओरडणं, मग शांतता. मी भाजी निवडत असते. माझा कुठलाही फॉर्म आता भरायचा नाही. बारावीचा निकाल लागून मला चार वर्षं झाली. तरी हात थांबतो आणि तळव्याला घाम येतो.

तो मे महिना मला आठवतो तो असाच, अंगाने. काय घडलं ते मागाहून.

मी इंग्रजी शाळेत शिकले. सकाळी पिवळी बस नाक्यावर यायची, दुपारी तिथेच सोडायची. घरी सगळे आगरी बोलायचे. शाळेने मला दुसरंच मराठी दिलं होतं, धुऊन इस्त्री केलेलं. मी घरात ते बोलले की सुमन आत्या, म्हणजे पप्पांची मोठी बहीण, हातातलं काम ठेवून ऐकायची आणि म्हणायची, "ऐका ऐका, बातम्या लागल्या." ती प्रेमानेच म्हणायची. शाळेत माझं इंग्रजी ऐकून एका मुलीने विचारलं होतं, "तू अशी उरणसारखी का बोलतेस?" तिनेही बहुतेक वाईट मनाने विचारलं नसावं. पण तेव्हापासून मी दोन्हीकडे तोंड कमी उघडायला लागले. लोकांना वाटायचं, पोरगी शांत आहे. शांत मुलीचं सगळीकडे कौतुक होतं. ती आत काय करत असते ते कुणी विचारत नाही.

साठ मुलांच्या वर्गात लपणं ही शिकण्याची गोष्ट आहे. शेवटचा बाक कधी धरायचा नाही, शिक्षकांची नजर आधी तिथेच जाते. पहिलाही नाही. तिसऱ्या रांगेत, उंच मुलीच्या मागे बसायचं. वही उघडी हवी, पेन हलतं हवं. शिक्षकांच्या डोळ्यांत बघायचं नाही. खांद्याकडे बघायचं, म्हणजे त्यांना वाटतं आपण ऐकतोय. मी हे दहा वर्षांत इतकं छान शिकले होते की दहावीच्या निरोप समारंभात एका शिक्षिकेने मला विचारलं, "तू नवीन आलीस का या वर्षी?" मला त्या दिवशी वाईट वाटायला हवं होतं. मला जिंकल्यासारखं वाटलं.

त्यामुळे निकालानंतर सगळं सोपं असायला हवं होतं. नवी मुंबईतल्या एका मोठ्या कॉलेजात मला कॉमर्सला जागा मिळाली होती. माझी मैत्रीण प्राची तिथेच जाणार होती. तिथे एका तुकडीत इतकी मुलं की हजेरीतच अर्धा तास जातो, असं तिच्या भावाने सांगितलेलं. ते ऐकून मला किती बरं वाटलं होतं! तिसरी रांग मिळेल, उंच मुली भरपूर असतील.

पण मी आणखी एक अर्ज केला होता. डोंगराकडच्या भागात, आमच्यापासून अडीच तासांवर, एक लहानसं खासगी विद्यापीठ आहे. त्यांच्या वेबसाइटवर वाचनालयाचा फोटो होता. लांब टेबल, त्यावर एक उघडं पुस्तक, खिडकीतून आलेलं ऊन, आणि माणूस एकही नाही. मी त्या फोटोवर भाळले. मला वाटलं, माणसं नसलेली जागा असणार ही. अर्जासोबत निबंध लिहायचा होता. लिहिताना कुणी तोंडाकडे बघत नाही. मी आमच्या मिठागराबद्दल लिहिलं. पाणी एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात कसं घेतात, कुठल्या वासावरून मीठ धरायला आलंय ते ओळखतात, आमच्या वाट्याच्या अर्ध्या मिठागरावर आता कंटेनर कसे एकावर एक उभे आहेत. लिहिता लिहिता चार पानं झाली. मला स्वतःला माहीत नव्हतं की माझ्याकडे चार पानं आहेत.

त्यांची मेल आली. निबंध आवडला, समाज आणि पर्यावरण या विषयाला जागा देत आहोत, घरच्यांना घेऊन एकदा जागा बघून जा, आणि दहा दिवसांत कळवा. खाली एक ओळ होती. आम्ही एका वर्गात फार मुलं घेत नाही. या वर्षी चौदा.

चौदा. मी मोबाईल उलटा ठेवला. चौदा जणांत माणूस कुठे लपणार?

घरात ही बातमी फुटली ती चुलत भावाच्या हळदीत. स्पीकर इतका मोठा की सगळेच एकमेकांशी भांडल्यासारखे बोलत होते. काकांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे होते.

"नाव काय म्हनलास?" त्यांनी पप्पांना ओरडून विचारलं.

पप्पांनी नाव सांगितलं.

"कवा ऐकला नाय."

"नवीन हाय रे."

"नवीन म्हंजे किती नवीन? तुझी नवी गाडी पन चार वर्सांत खडखड करते. आनि पोरा किती वर्गात?"

"चौदा."

"चौदा?" काकांनी आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "आपल्या किरकेटच्या टीमला पंधरा लागतात! दोघांना ताप आला तं वर्ग बंद काय? आनि विद्यापीठच बंद पडला मंग? पोरगी अर्धी शिकून घरी?"

सगळे हसले. मीही हसले, कारण हसणं हाही लपण्याचाच एक प्रकार आहे. पण 'बंद पडला मंग' हे शब्द माझ्या कानातून उतरून खाली पोटात जाऊन बसले. मी माझ्या भीतीत मशगूल होते. ही दुसरी भीती मला सुचलीच नव्हती. आता दोन झाल्या, आणि दोघींची एकमेकींशी मैत्री जमली.

आत्याने हळदीचं ताट खाली ठेवलं. "हसताय काय दात काढून? घर न बगता कोन पोरगी देतो काय? मी जाऊन बगते."

हे वाक्य साधं नव्हतं. आमच्या घराण्यात कुठल्याही मुलीचं लग्न ठरायच्या आधी मुलाचं घर बघायला आत्या जाते, आणि तिचा शब्द शेवटचा असतो. तिची बघायची रीत वेगळी आहे. ती हॉलमध्ये बसत नाही. सोफा, टीव्ही, भिंतीचा रंग, यांकडे तिचं लक्ष नसतं. ती पाच मिनिटांत "जरा हात धुवायचे होते" म्हणून उठते आणि मागच्या दारी जाते. पाण्याचा पिंप झाकलेला आहे का, भांडी कुठे वाळतात, घरातल्या धाकट्या सुनेच्या टाचा कशा आहेत, ती बोलताना आधी कुणाकडे बघते. एकदा एका बंगल्यातून ती सरळ बाहेर आली आणि गाडीत म्हणाली, "त्या घरातली कुत्री पन भुंकायच्या आधी सासऱ्याकडे बगते." ते स्थळ मोडलं.

आणि आमच्यात एक नियम आहे. घर बघायला गेलं की पाणी घ्यायचं, चहा घ्यायचा, पोहे दिले तर तेही खायचे. पण पसंती होईपर्यंत गोड तोंडात घालायचं नाही. गोड खाल्लं की शब्द दिला. हा नियम सगळ्या गावाचा आहे की आमच्याच घरापुरता, मी कधी विचारलं नाही. पण मी तो लहानपणापासून पाहत आलेय. आत्या समोरची बर्फी इतक्या प्रेमाने नाकारते की देणाऱ्यालाच वाटावं आपण फार मोठं काहीतरी दिलं.

तर आम्ही विद्यापीठाचं घर बघायला निघालो. काका गाडी चालवायला, शेजारी पप्पा, मागे आई, आत्या आणि मध्ये मी.

"एक जिताडा बर्फात घालून घेतला असता साहेबाला," काका म्हणाले. "आपल्याकडे कुठला काम जिताड्याबिगर झालाय?"

"गप रे," आत्या म्हणाली. "शाकाहारी असले तं? पयल्याच भेटीला मासलीचा वास."

आई खिडकीबाहेर बघत होती. पेण मागे पडलं, हवेतला खारा चिकटपणा गेला, आणि मला वाटलं आपल्या अंगावरून काहीतरी काढून घेतलं. डोंगर जवळ आले. मी मनात एकच धावा करत होते. जागा वाईट निघू दे. संडास घाण निघू दे, आत्याला काहीतरी खटकू दे, म्हणजे मला काही ठरवावं लागणार नाही.

जागा वाईट निघाली नाही. बैठ्या इमारती, जांभ्या दगडाच्या भिंती, आवारात आंब्याची झाडं. सुट्टी असल्यामुळे मोजकीच मुलं होती. शांतता इतकी की आपली चप्पल वाजते याची लाज वाटावी. आमच्या गावात सतत काही ना काही वाजत असतं. त्या आवाजात मी जन्मभर अंग चोरून उभी राहिले होते. इथे अंग चोरायला आवाजच नव्हता.

रेणुका मॅडम आम्हाला घ्यायला आल्या. त्या समाज आणि पर्यावरण शिकवायच्या. पन्नाशीच्या असतील, चष्म्याला दोरी, पायात साध्या चपला. त्यांनी पप्पांना नमस्कार केला, आत्याला केला, आणि मग माझं नाव घेतलं. नुसतं 'ये' नाही, नाव घेऊन. "श्रुती, तुझा वर्ग दाखवते."

वर्गात बाक नव्हते. चौदा खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. मॅडमची धरून पंधरा. मी उंबऱ्यातच थांबले. गोलाला तिसरी रांग नसते. गोलात कुणाच्या मागे बसता येत नाही.

सगळे बसले. पप्पा खुर्चीच्या कडेवर, आई पदर सावरून, काका पाय लांब करून. आणि मॅडमनी मला विचारलं, "तू लिहिलंयस की मीठ धरायला पाणी उथळच लागतं. का गं?"

मला हे माहीत होतं. चालायला लागले तेव्हापासून माहीत होतं. खोल पाण्यात ऊन तळापर्यंत पोचत नाही, ते पाणी नुसतंच पाणी राहतं. वीतभर पाणी मात्र दुपारपर्यंत पायाला भाजतं, आणि मग तळ पांढरा दिसायला लागतो. हे सगळं जिभेच्या मागे येऊन उभं राहिलं आणि तिथेच अडकलं. मी मॅडमच्या खांद्याकडे बघायला लागले.

शाळेत अशा वेळी एक-दोन क्षण जायचे आणि शिक्षक म्हणायचे, "नेक्स्ट." त्या 'नेक्स्ट'वर मी बारा वर्षं जगले होते. मॅडम 'नेक्स्ट' म्हणाल्या नाहीत. त्या थांबल्या. पंखा प्रत्येक फेरीला कुरकुरत होता. मी त्या कुरकुरी मोजायला लागले. वीसच्या पुढे गेले. काका काही बोलायला गेले तर आत्याने त्यांच्या पायावर पाय दिला, हे मी पाहिलं. आई माझ्याकडे बघत नव्हती. माझे कान गरम झाले, मानेवरून घामाचा एक थेंब निघाला आणि पाठीच्या कण्यावरून खाली गेला.

"माहीत नाही," मी म्हटलं.

"बरं," मॅडम म्हणाल्या. "आठवलं की सांग." आणि हसल्या.

त्या रागावल्या असत्या तर मी सुटले असते. 'आठवलं की सांग' म्हणजे हा प्रश्न इथे माझ्यासाठी राखून ठेवलेला असणार. आज नाही तर उद्या, उद्या नाही तर पावसाळ्यात. इथे मला कुणी विसरणार नाही. माझ्या आयुष्यात इतकं भीतिदायक मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

आत्या हात धुवायला गेली ती वीस मिनिटांनी आली. मागच्या अंगणात कपडे वाळत घालणाऱ्या एका मुलीशी आणि जेवण करणाऱ्या मावशींशी बोलून. येऊन पप्पांच्या कानाशी, पण सगळ्यांना ऐकू येईल अशी, म्हणाली, "भांडी उन्हात वाळवतात. पानी झाकलेला. पोरी हसतात, आनि वार्डनबाई आली तरी हसायच्या थांबत नाय. पावसात रस्ता तेवढा बंद पडतो म्हने. नि दवाखाना लांब." तिच्या तराजूत दोन्ही पारडी हलत होती. मी दुसऱ्या पारड्याच्या बाजूने देव आठवत होते.

मग ऑफिसात पेढे आले. कुठल्या तरी विद्यार्थ्याचा निकाल लागला होता. मॅडमनी ताट फिरवलं. काकांचा हात पुढे गेला, आत्याच्या नजरेला अडकून मागे आला. "शुगर," काका खिन्नपणे म्हणाले. त्यांना शुगर नाही. पप्पांनी छातीवर हात ठेवला, "आत्ताच चहा झाला." आईने उपास सांगितला, सकाळी तिने आमच्याबरोबर बोंबलाचं कालवण खाल्लं होतं. आत्याने बर्फीवाला नकार पेढ्याला लावला. मॅडमचा चेहरा थोडा उतरला. त्यांनी ताट माझ्यापुढे धरलं. "तू तरी घे गं."

नको म्हणायला फक्त एक शब्द लागतो. तो मला सापडला नाही. ताट माझ्यापुढे थांबलं होतं आणि त्या बाई थांबण्यात पटाईत होत्या. मी पेढा उचलला आणि तोंडात घातला. चावताना वर बघितलं तेव्हा चारही माणसं माझ्याकडे बघत होती. आत्याची भुवई वर गेली आणि मग, हळूहळू, तिचा सगळा चेहरा सैल पडला.

आम्ही परत निघालो, गाडी डोंगर उतरली. मग काका म्हणाले, "झाला तं मंग. पोरीनच तोंड गोड केला."

"ती बोलत नाय," आत्या म्हणाली, "पन खाऊन सांगितलान. शहानी हाय माझी बाय." आणि तिने माझा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन थोपटला. आई खिडकीकडे तोंड करून डोळे पुसत होती. पप्पा समोर बघत होते; त्यांची मान मागून ताठ आणि आनंदी दिसत होती.

मी म्हणणार होते. पेण येईपर्यंत म्हणू, असं ठरवलं. पेण आलं. मग पुढच्या पुलापाशी. मग घर आलं.

पुढचे चार दिवस मी एका मोठ्या खोटेपणात राहिले, आणि तो मी एक शब्दही न बोलता केला होता. आत्याने गावभर सांगितलं. मांडवामांडवांत बायका माझ्या गालाला हात लावून जायच्या. आईने नवी चादर, साबणाची डबी, कुलूप असं काय काय आणून ठेवलं. आणि पप्पा म्हणाले, "सोमवारी जाऊन त्या नवी मुंबईच्या कॉलेजातली जागा सोडून येऊ. उगाच कुनाची तरी अडवून कशाला ठेवायची?"

सोमवार. म्हणजे तिसऱ्या रांगेची जागा सोमवारी जाणार होती. मी दुपारी बांधावर जाऊन बसायचे. उन्हात मिठाच्या राशींकडे बघवत नाही, डोळ्यांना टोचतं, तरी बघत बसायचे. लोक म्हणतात, योग्य जागी गेलं की मनाला आपोआप कळतं. माझ्या मनाला असं काही कळत नाही, अजूनही नाही. कुठल्याही नव्या खोलीत शिरले की माझ्या मनाला एकच गोष्ट कळते, दार कुठे आहे. त्यामुळे भीती वाटते म्हणून जागा चुकीची, की भीती वाटते तरी जागा बरोबर, हे मी कशावरून ओळखणार होते? कॉमर्सचा विचार केला की पोट शांत व्हायचं आणि बाकी सगळंच झोपी जायचं. त्या गोल वर्गाचा विचार केला की छाती धडधडायची, आणि त्याच वेळी, मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर मी मनात कितीतरी प्रकारे सांगत असायचे. कधी मराठीत, कधी इंग्रजीत, एकदा तर आगरीतही. मला त्या उत्तरांचाही राग यायचा.

रविवारी दुपारी पप्पा यार्डाच्या कडेला आपल्या ट्रेलरचं चाक बघत होते. बांधाला लागूनच ती जागा आहे. मी जाऊन उभी राहिले.

"काय गो?"

"पप्पा, तो पेढा."

"कुठला पेढा?"

"तिथला. मला नको म्हणता आलं नाही. म्हणून खाल्ला."

त्यांच्या हातात पाना होता. तो त्यांनी चाकावर ठेवला. "म्हंजे तुला जायचा नाय?"

"तसं नाही."

"मंग जायचाय?"

"तसंही नाही."

"अगो मंग काय?"

"भीती वाटते."

मला वाटलं ते म्हणतील, त्यात काय घाबरायचं. ते म्हणाले नाहीत. ट्रेलरच्या पायरीवर बसले आणि गळ्यातल्या टॉवेलने मान पुसली.

"मी पयल्यांदा पोर्टात गाडी घेऊन गेलो," ते म्हणाले, "तवा गेटवर हिंदीत बोलायला लागायचा. मना हिंदी यायची, पन तोंडातून निघायची नाय. माझा जोडीदार होता, त्याला पुढे करायचो. मी नुसती मान हलवायचो. साहेब म्हनायचा, तुम्हारा ये आदमी गूंगा है क्या? एक दिवस जोडीदार आलाच नाय."

"मग?"

"मंग काय! गेटवर उभा. मागे सगल्या गाड्या हॉर्न मारतात."

"काय बोललात तुम्ही?"

"आठवत नाय." त्यांनी विचार केला. "शिव्या दिल्या असतील."

मी हसले. या वेळी लपण्यासाठी नाही.

"उद्या दोन्हीपैकी कुठलीतरी एक जागा सोडायची," ते म्हणाले. "कुठली ते आत्या नाय सांगनार, मी पन नाय. मी त्या मॅडमला फोन करून इचारू का काय इचारायचाय ते?"

माझे सगळे फोन तोवर दुसऱ्यांनीच केले होते. डॉक्टरांना आई, शाळेला पप्पा, रिक्षावाल्याला प्राची. पप्पांनी खिशातून मोबाईल काढला होता आणि मी 'हो' म्हणणारच होते.

"मी करते," मी म्हटलं. आणि बोलायचं ते मनात दोनदा घोकून नंबर लावला.

फोन वाजत होता तेव्हा मी देवाला म्हणत होते, त्यांनी उचलू नये. उचलला. मागे कुकरची शिट्टी झाली.

"मॅडम, मी श्रुती. उरणची." पुढची वाक्यं मी पाठ केली होती, ती सगळी गेली. उरलं ते एकच. "तिथे जी मुलं बोलत नाहीत, त्यांचं काय होतं?"

मॅडमनी विचारलं, "खरं सांगू?"

"हो."

"गेल्या वर्षी अशा तिघी होत्या. एक सोडून गेली. आम्ही तिच्याकडे फार लक्ष दिलं, बहुतेक तेच तिला सोसलं नाही. त्यात माझीही चूक असेल. दुसरी आता थांबवल्याशिवाय थांबत नाही."

"आणि तिसरी?"

"ती अजून बोलत नाही. रोज येते, लिहिते, जाते. तिला बोलतं करावं की तसंच राहू द्यावं, हे मला अजून कळलेलं नाही."

माहितीपत्रकात असं काही लिहिलेलं नव्हतं. तिथे सगळी मुलं झाडाखाली हसत होती. मी फोन कानाला घट्ट दाबला. "आणि विद्यापीठ बंद पडलं तर?"

"अगं, माझी नोकरी आहे तिथे," मॅडम म्हणाल्या. "मलाही कधीकधी ती भीती वाटते. सध्या तसं काही दिसत नाही. पण लहान जागेची खात्री मी तुला कशी देऊ?"

त्यांनी मला खोटं सांगितलं नाही, हे मला पुढे तीन वर्षांत अनेकदा कळलं. आमच्या चौदांतले दोघं पहिल्या दिवाळीला घरी गेले ते आलेच नाहीत, आणि मग त्या दोन रिकाम्या खुर्च्या गोलातून काढाव्यात की ठेवाव्यात यावरून आम्ही एक अख्खा तास भांडलो. पावसात रस्ता खरोखरच बंद पडला. एकदा तापात मी दीड दिवस डॉक्टरशिवाय काढला आणि तेव्हा मला त्या मोठ्या कॉलेजची इतकी आठवण आली, जिथे मी कधी गेलेच नव्हते. आजही मुलाखतीत विद्यापीठाचं नाव सांगितलं की समोरचा माणूस ते दोनदा विचारतो. काकांची शंका वेडगळ नव्हती. आणि गोलात बसायची सवय मला झाली असं म्हणू नये. पहिल्या सत्रात मी रोज सकाळी वर्गाच्या दाराशी एक मोठा श्वास घ्यायचे, शेवटच्या सत्रातही घ्यायचे. भीती खोटी होती असं म्हणून मी शेजारच्या मुलीला धीर देऊ शकत नाही. त्या मेमध्ये मला जे जे वाटलं होतं, त्यातलं बरंचसं खरं निघालं.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी फोनवर नुसती कुकरची वाफ ऐकू येत होती. "यायचं नसेल तर तसं कळव," मॅडम म्हणाल्या, "मला राग येणार नाही." आणि मग त्या पुन्हा थांबल्या. मीही घाईने फोन ठेवला नाही. समोर पप्पा ट्रेलरच्या पायरीवर बसून मुद्दाम दुसरीकडे बघत होते.

"मी येते," मी म्हटलं. "पण मला फार भीती वाटते."

"कशाची? सांगशील?"

मी सांगायला लागले. सुरुवात कुठून करायची ते कळेना, म्हणून पिवळ्या बसपासून केली. मध्ये इंग्रजी आलं, मध्ये आगरी आलं, कुठलं वाक्य कुठल्या भाषेत पुरं झालं ते मला माहीत नाही. पप्पांनी चाकाचे नट आवळले. मग गाडी सुरू करून सावलीत लावली, उतरले, चहाच्या टपरीपर्यंत जाऊन आले, माझा कप बांधावर माझ्याजवळ ठेवला. चहावर साय धरली. मी अजून बोलतच होते.